टिटवीचा कागद

(पिंपळगाव राजा. महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली आहेत. हातकागदाच्या कारखान्याच्या ओट्यावर अन्नपूर्णाबाई मांडीवर कागदाचा साचा घेऊन बसल्या आहेत, हातात कात्री. त्यांचे धाकटे दीर, कारखान्याचे अध्यक्ष पंजाबराव, आत्ताच आत आले आहेत.)

पंजाबराव : थांबा! थांबा वैनी! हे काय करून राह्यल्या तुमी?

अन्नपूर्णाबाई : दिसून नाई राह्यलं? तार कापून राह्यली.

पंजाबराव : अहो, दादाचं नाव हाये ते!

अन्नपूर्णाबाई : माहीत हाये. माह्या नवऱ्याचं नाव मले वाचता येते. बाकीचे साचे झाले, हा शेवटचा. यातला ‘महा’ गेला. ‘देवराव’ राह्यला.

पंजाबराव : कोनी पाह्यलं तर काय म्हनन? नवऱ्याले जाऊन अजून वर्ष नाई झालं, अन् बायको त्याच्या नावाले कात्री लावते!

अन्नपूर्णाबाई : म्हनू द्या. तुमी मले न इचारता लावलं, मी तुमाले न इचारता काढलं.

पंजाबराव : उद्या मंत्रीसाहेब येऊन राह्यले मुंबईहून. त्यायच्यासमोर ताजा कागद उचलायचा, वाळलेला उन्हात धरून दाखवायचा, अन् त्यात दादाचं नाव चमकलं पाह्यजे. सारं ठरलेलं हाये. भाषण लिहून ठेवलं मी.

अन्नपूर्णाबाई : काय लिहिलं?

पंजाबराव : हे पाहा. “इटली देशातील कागदगिरण्यांनी सहा-सातशे वर्षांपूर्वी जलचिन्हाची कला सुरू केली. साच्याच्या जाळीवर तार शिवली, की त्या जागी लगदा पातळ बसतो, आणि कागद उजेडात धरला, की चिन्ह दिसते. कोणाचा मुकुट, कोणाचा घडा, कोणाचे बैलाचे डोके. पुढे विलायतेतील गिरणीमालकांनी आपली नावेच कागदात घातली...”

अन्नपूर्णाबाई : बैलाचं डोकं?

पंजाबराव : हाव. लय जुनी खूण हाये ती.

अन्नपूर्णाबाई : त्यायच्याकडे बैलाचं डोकं चालते, अन् आमच्या कागदातली टिटवी चालत नाई?

पंजाबराव : वैनी, टिटवी अपशकुनी पाखरू! रातच्याले ओरडली तर लोक देवाचं नाव घेतात. शाळेच्या पोरायचे दाखले त्या कागदावर छापायचे काय?

अन्नपूर्णाबाई : खामगावचा व्यापारी आल्यावर काय म्हनते? ‘पिंपळगावचा कागद द्या’ म्हनते? ‘संस्थेचा कागद द्या’ म्हनते? ‘टिटवी हाये काय’ इचारते तो. दारात उभा राहून कागद उजेडात धरते, टिटवी दिसली तरच उचलते. तवा नाई कोनाले अपशकुन झाला. जुन्या टिटव्या कोठी हायेत, भाऊजी? साच्यावरून काढल्या त्या?

पंजाबराव : निवृत्ती कासाराले देऊन टाकल्या.

अन्नपूर्णाबाई : कायले?

पंजाबराव : कायले म्हंजे? त्यानं एवढी अक्षरं वळवून शिवली, त्याले जुनी तार देली. वितळवली असन त्यानं.

अन्नपूर्णाबाई : वितळवली! मोडीत घातल्या! जिच्या होत्या तिले एका शब्दानं इचारलं?

पंजाबराव : जिच्या म्हंजे? टिटवी दादानं काढली. साऱ्या जिल्ह्याले माहीत हाये. नागपूरच्या प्रदर्शनात शाल कोनाले भेटली?

अन्नपूर्णाबाई : शाल त्यायले भेटली. टिटवी अंबूबाईची होती.

पंजाबराव : कोनती अंबूबाई? चिंध्या निवडते ती?

अन्नपूर्णाबाई : चिंध्या आता निवडते. कुटायच्या ढेकीखाली बोटं सापडली म्हून. त्याच्या पहिले ती हौदावर होती, माह्या बाजूले. साचा बुडवून उचलला की असा बरोबर लगदा बसे तिचा, की तुमचे दादा बाकीच्यायले म्हनत, तिचा हात पाहा.

पंजाबराव : बरं, असन चांगली कामाले. पन खूण?

अन्नपूर्णाबाई : ऐका. कारखाना नवाच होता. तुमच्या दादानं कोठून तरी जुना विलायती कागद आनला, इंग्रजाच्या काळातला. उन्हात धरून आमाले दाखवला. आत मुकुट. साऱ्या बाया एकीमागं एक पाहून गेल्या. अंबूबाईनं इचारलं, हा कोनाचा मुकुट? ते म्हनले, ज्या गिरणीनं कागद केला तिची खूण. तर ती म्हनली, मंग आपली बी पाह्यजे.

पंजाबराव : अन् दादानं टिटवी काढली.

अन्नपूर्णाबाई : दादानं सभा भरवली! कोनी म्हने चरखा, कोनी म्हने कमळ, कोनी म्हने गाय. अंबूबाई दुपारच्या सुट्टीत तारेचा तुकडा घेऊन बसली, अन् दातानं, बोटानं वाकवून टिटवी करून आनली. लांब पाय, उघडी चोच. जाळीवर शिवली बी तिनंच. पहिला कागद वाळला तवा त्यायनंच उन्हात धरला अन् हसले. ‘अंबूबाई, ही तर ओरडून राह्यली’ म्हने. मी अठीच उभी होती, या खांबापाशी.

पंजाबराव : मंग नागपूरले...

अन्नपूर्णाबाई : नागपूरले मी समोर बसली होती. साहेबानं इचारलं, हे सुंदर चित्र कोणाचे? तुमचे दादा म्हनले, ‘माझेच’. असं शुद्ध बोलले. शाल पांघरली, टाळ्या झाल्या. अंबूबाई नागपूरले आलीच नव्हती. बसमधी जागा नाई म्हून तिले ठेवलं होतं, अन् तुमचे दोन साळे गेले होते.

पंजाबराव : साळ्यायचं आता काऊन काढता?

अन्नपूर्णाबाई : काढन! घरी येऊन मी त्यायले इचारलं, तोंडावर. म्हनले, मोठ्या लोकायसमोर बाईमानसाचं नाव कोन घेते, संस्थेचं नाव झालं ना, तेवढंच पाहायचं. मी जेवन वाढलं नाई त्या दिवशी. मंग कबूल झाले, वार्षिक सभेत सांगतो म्हने, सगळ्यायपुढे, की टिटवी तिची हाये. सभेच्या पहिलेच गेले.

पंजाबराव : दादा खोटं बोलनारा मानूस नव्हता, वैनी. त्यानं वावर विकून हा कारखाना उभा केला. लोक हसत होते त्याले. चिंध्यायचा पाटील म्हनत होते.

अन्नपूर्णाबाई : वावर विकलं, हे खरं. माह्याच नथीच्या संगं विकलं. म्या कवा नाई म्हनलं? त्यायच्या नावाची पाटी दारावर लावा, संगमरवराची लावा, मी रोज फूल वाहीन. पन कागदाच्या आत नाई. तठी त्यायचा हात कधी गेला नाई. हिवाळ्यात हौदात कोपरापर्यंत हात घालून उभ्या राहतात त्या बाया. नखं सडतात त्यायची.

पंजाबराव : विलायतेत बी मालकाचंच नाव राहते! 

अन्नपूर्णाबाई : म्हून तर म्हनते. इंग्रज गेला ना? गेला की नाई?

पंजाबराव : तुमाले समजावनं म्हंजे... कोन हाये दारात? कोन हाये तठी?

अंबूबाई : मी हाव भाऊसाहेब. अंबू. बाया बाहेर बसून राह्यल्या, हौदावर जायाचं की नाई इचारते म्हनलं.

अन्नपूर्णाबाई : ये, आत ये अंबूबाई. दाराशी नको उभी राहू. अठी बस, माह्याजवळ.

पंजाबराव : बरं झालं तूच आली. आता तूच सांग. वैनी म्हनतात टिटवी तुही. मी म्हनतो, दादाच्या नावापुढे पाखराचं काय? तुले चालते ना दादाचं नाव?

अंबूबाई : मोठ्या मानसाचं नाव हाये. मी कोन नाई म्हननारी. राहू द्या वैनीबाई. उगं कायले?

अन्नपूर्णाबाई : राहू द्या? मी अठी दिराशी भांडून राह्यली, नवऱ्याच्या नावाले कात्री लावली, अन् तू म्हनते राहू द्या?

अंबूबाई : घरची भांडनं माह्यासाठी नको.

अन्नपूर्णाबाई : हे घरचं भांडन नाई. तुहं हाये! तुले राग येत नाई? टिटव्या मोडीत देल्या त्यायनं. वितळवल्या!

अंबूबाई : वितळवल्या?

पंजाबराव : जुनी तार होती ती. वाकलेली.

अंबूबाई : वाकलेलीच राहते, भाऊसाहेब. वाकवल्याबिगर पाखरू होत नाई.

पंजाबराव : अन् टिटवीच काऊन? दुनियेत पाखरं नाईत? मोर हाये, पोपट हाये. अपशकुनी पाखरू कोन कागदात घालते?

अंबूबाई : अपशकुनी म्हनू नका.

पंजाबराव : अख्खा गाव म्हनते.

अंबूबाई : म्हनू द्या गावाले. तुमी नका म्हनू. माहा मालक वारल्यावर दुसऱ्याच्या वावरात मी निंदा-खुरपाले जात होती. तठी वखर चालू होता. मधीच टिटवीनं ढेकळात अंडी घातली होती. तिले खोपा नसते, काई नसते, उघड्यावर अंडी. बैलजोडी समोरून आली तर ती उडाली नाई. पंख पसरून उभी, अन् एवढ्याशा जिवानं जे ओरडनं मांडलं! बैल बुजले. गडी शिव्या देत होता. पन वखर वळवावा लागला त्याले. तेवढी जागा सोडून वखरलं वावर. म्या डोयानं पाह्यलं.

पंजाबराव : हं.

अंबूबाई : मले शाल नको. नाव बी नको, मले वाचता येत नाई. महादेवभाऊ नागपूरले काय बोलले थे मले कवाच समजलं होतं, तुमच्या साळ्यायनंच हसत सांगतलं. म्या गिळलं. पन मले न इचारता वितळवली, अन् वरून अपशकुनी म्हनता! माही बोटं ढेकीत गेली, तवा बी मी ओरडली नाई. आता ओरडन.

अन्नपूर्णाबाई : ऐकलं भाऊजी?

पंजाबराव : ऐकलं. पन एक गोष्ट तुमी दोघी बी ऐका. नावाचे कागद आधीच काढलेले हायेत. गठ्ठा तयार हाये आतल्या खोलीत. उद्या थेच दाखवतो मी.

अन्नपूर्णाबाई : आतल्या खोलीत काई नाई.

पंजाबराव : म्हंजे?

अन्नपूर्णाबाई : सकाळीच हौदात भिजवला सारा गठ्ठा. बायायनं कुटून लगदा बी केला. कागदच तो, पान्यात टाकला की लगदाच होते.

पंजाबराव : वैनी! हा संस्थेचा माल हाये! मी वर लिहीन. कुलूप लागन कारखान्याले, समजलं? माह्या एका पत्रानं लागन!

अन्नपूर्णाबाई : लिहा. पत्र लिहाले कागद आमच्याचकडून न्या. अन् बाहेर बाया बसल्या, त्यायले सांगा कुलूप लावतो म्हून. पाहा कोन उठते हौदावर जायाले. साचा कोन उचलते उद्या मंत्र्यासमोर? तुमी? बुडवून पाहा एकडाव, मनगट उतरते की नाई.

पंजाबराव : अरे, मी काई वैरी हाव काय तुमचा? दादासाठीच केलं ना मी. त्याच्या मागं त्याचं काईतरी राहावं म्हून. माह्याजवळ दुसरं काय हाये करन्यासारखं?

अन्नपूर्णाबाई : माहीत हाये मले. म्हून तर कात्री माह्या हातात हाये, बायायच्या हातात देली नाई.

पंजाबराव : मंग उद्या काय दाखवू? कोरा कागद?

अंबूबाई : उद्यापर्यंत होईन टिटवी. एका साच्यावर तरी होईन.

पंजाबराव : अन् साहेबानं इचारलं, कोनाची कल्पना?

अंबूबाई : मी सांगन.

पंजाबराव : तू? माईकसमोर?

अंबूबाई : वखरासमोर उभी राह्यली ती. माईक काय मोठा हाये?

पंजाबराव : ...भाषनात मले दुरुस्ती करावी लागन. बैलाचं डोकं झाल्यावर टिटवी घालतो. अपशकुनाचं काई बोलत नाई.

अन्नपूर्णाबाई : अन् अंबूबाईचं नाव घाला. पूर्ण नाव इचारून घ्या तिले, बाहेर जाऊन अंदाजानं लिहू नका.

पंजाबराव : घालतो. वैनी, एवढंच सांगा. दादावर तुमचा एवढा राग हाये काय?

अन्नपूर्णाबाई : हाये. थे असते तर आज रातच्याले बी भांडली असती. आमचं भांडन अर्धंच राह्यलं, भाऊजी. थे मले तसंच ठेवू द्या, तारेनं शिवू नका.

पंजाबराव : येतो मी. कमान बांधनारे थांबले असतीन.

अंबूबाई : गेले. वैनीबाई, डोये पुसा. जाळीवर पानी पडलं तर गंजते.

अन्नपूर्णाबाई : पितळेची हाये, नाई गंजत. हे ‘देवराव’ काढू दे पहिले. हं, झालं. आन ती नवी तार. तुह्या बोटानं नाई वाकनार, मी वाकवते. तू सांगत जा.

अंबूबाई : चोच पहिले करा. उघडी.

अन्नपूर्णाबाई : अशी?

अंबूबाई : अजून उघडी. हं. आता पाठ, जराशी खाली दाबा. शेपूट नाई घातलं तरी चालते.

अन्नपूर्णाबाई : पाय किती लांब ठेवू?

अंबूबाई : उभं राहता आलं पाह्यजे, एवढे.