बोटाखालचं कासव

बाबा : नाही. पुन्हा. बोट ठेव आणि पुन्हा वाच.

बिट्टी : ठेवलंय बोट.

बाबा : मग वाच.

बिट्टी : बाबा उठला.

बाबा : कुठे लिहिलंय 'बाबा'?

बिट्टी : हे काय, इथे. बोटाखाली.

बाबा : बिट्टी, चित्र बघ. चित्रात कोण आहे?

बिट्टी : कासव.

बाबा : मग त्याच्याखाली काय लिहिलं असेल?

बिट्टी : बाबा.

मावशी : अहो भाऊजी, पोरीला घोटभर पाणी तरी पिऊ द्या. आल्यापासून जुंपलंय तिला. बेकरीत पीठसुद्धा मळून झालं की जरा झाकून ठेवता ना तुम्ही?

बाबा : पीठ थांबतं. शाळा थांबत नाही. आज बाईंनी बोलावून घेतलं होतं मला. तसाच गेलो, कोपरापर्यंत पीठ लागलेलं.

मावशी : का? काय केलं हिने?

बाबा : विचार तिलाच.

बिट्टी : मी काही नाही केलं. सगळे हसले.

बाबा : बाईंनी फळ्यावर शब्द लिहिला, 'कासव'. हिला उभं केलं. ही म्हणाली 'बाबा'. पोरं हसली. बाई म्हणाल्या, नीट बघ. तर ही बाईंना म्हणते, तुम्हालाच वाचता येत नाही.

मावशी : अगं बाई!

बिट्टी : नाहीच येत त्यांना.

बाबा : बघितलंस? आणि रोज घरचं एखादं पुस्तक मोठ्याने वाचायचं, एवढाच गृहपाठ असतो. सगळ्यांच्या आया ऐकतात, बाप ऐकतात. ही रोज सांगते, वाचलं. मी विचारतो, वाचलंस का? हो म्हणते. मी म्हणतो, शाब्बास. आता बाई म्हणतात, थोडे दिवस बघू, नाहीतर पुन्हा छोट्या गटात बसवू.

बिट्टी : मी नाही जाणार छोट्या गटात. तिथली मुलं चड्डीत शू करतात.

बाबा : मग वाच नीट. क ला काना का. पुढे काय? हे अक्षर येतं तुला. मला माहितीय येतं.

बिट्टी : बाबा उठला.

बाबा : हट्टीपणा करू नकोस!

मावशी : भाऊजी, ओरडू नका तिच्यावर. ती हट्ट नाही करत.

बाबा : मग काय करतेय?

मावशी : ताई असंच वाचायची.

बाबा : असंच म्हणजे?

मावशी : कासव आलं की 'बाबा' म्हणायची. तुम्ही डबा घेऊन रात्रपाळीला निघालात, की ही दाराला चिकटून भोकाड पसरायची. कशाने गप्प बसायची नाही. मग ताई हिला पलंगावर घ्यायची आणि हे पुस्तक काढायची. बोट फिरवत फिरवत वाचायची, बाबा उठला, बाबा कामावर गेला. पहिल्यांदा मी तिथेच होते. मी म्हटलं, ताई, अगं कासव आहे ते. तर मलाच डोळे मोठे करून दाखवले.

बाबा : मला कधी बोलली नाही.

मावशी : काय बोलणार? तुम्हाला कासव केलंय म्हणून? सकाळी तुम्ही गल्लीच्या तोंडाशी दिसलात की खिडकीतून म्हणायची, 'आलं बघ माझं कासव. चहा आत्ताच टाकला तर दाराशी पोचेपर्यंत गार होईल.'

बाबा : रात्रभर भट्टीपुढे उभं राहून बघ म्हणावं, मग कळेल कसं चालवतं.

मावशी : आता कुणाला म्हणू?



बिट्टी : बाबा, पुढचं पान वाचू?

बाबा : थांब जरा.

बिट्टी : तू रडतोयस?

बाबा : नाही गं. पीठ गेलं डोळ्यात.

बिट्टी : पीठ तर तू धुतलंस.

मावशी : भाऊजी, माझं ऐका. आज शिकवू नका. तिच्या तोंडून सगळं पुस्तक एकदा ऐकून घ्या, ताईसारखं. तुम्ही कधी ऐकलंच नाहीत ना?

बाबा : कधी ऐकणार? त्या वेळी मी भट्टीवर असायचो.

मावशी : तेच म्हणतेय मी. दिवसपाळी आता घेतलीत. तेव्हाच घेतली असती तर...

बाबा : तर ती आजारी पडल्यावर दिवसभर दवाखान्यात तिच्याजवळ कोण बसलं असतं? तू कामावर होतीस.

मावशी : हो. चुकलंच माझं. नको ते बोलून गेले.

बाबा : नाही, बोल. मीही तेच बोलत असतो स्वतःशी.

मावशी : मग ऐका ना आता. चार तर पानं आहेत.

बाबा : ऐकेन. पळून कुठे जातंय ते? आधी हिचं वाचन मार्गाला लागू दे. पुन्हा पुन्हा तेच म्हणवलं तर आणखी पक्कं होईल डोक्यात. हिला तिकडे छोट्या गटात बसवलं तर? तुझ्या ताईला आवडलं असतं?

मावशी : नसतं आवडलं. शाळेची बॅग तिनेच आणून ठेवली होती, तेव्हा हिला शाळेत घालायला अवकाश होता तरी.

बाबा : मग? बिट्टी, इकडे ये. मांडीवर बस. हे बघ, आई वाचायची ते छान होतं. पण इथे लिहिलंय ते वेगळं आहे.

बिट्टी : म्हणजे आई खोटं वाचायची?

बाबा : नाही, नाही. खोटं कसं?

बिट्टी : मग बाई खोटं वाचतात.

बाबा : त्याही नाही.

बिट्टी : दोघी खऱ्या कशा असतील?

मावशी : घ्या. द्या आता उत्तर.

बाबा : आई ना, पुस्तक वाचत नव्हती. ती तुला आपल्या घरातलं सांगत होती. पुस्तक नुसतं हातात धरलं होतं.

बिट्टी : मग बोट का ठेवायची?

बाबा : ते... तुला बरं वाटावं म्हणून.

बिट्टी : मला नाही बरं वाटत तुझं वाचलेलं. तुझ्यात शेवटी काय होतं?

बाबा : शेवटच्या पानावर? थांब. 'कासव वाळूत निजलं.'

बिट्टी : बघ! आणि आईच्यात 'बाबा घरी आला' होतं. तुझ्यात येतच नाही तो. तिथेच झोपतो वाळूत. मला नाही शिकायचं ते.

बाबा : अगं, मी आलोय ना. कुठे आहे मी? बघ, हात लावून बघ.

बिट्टी : रोज येणार?

बाबा : रोज. तू शाळेतून येण्याआधी.

बिट्टी : मग आईने वाचलेलं खरं झालं की.

बाबा : हो, झालं खरं.

बिट्टी : आता ती आहे कुठे ऐकायला?

बाबा : बिट्टी...

मावशी : ये गं माझ्याकडे. ये. भाऊजी, तुम्ही तोंड धुऊन या. जा.

(काही आठवड्यांनंतर. तेच टेबल, संध्याकाळ.)

बिट्टी : सा-ब-ण. साबण! मावशी, तुझ्या पिशवीत साबण आहे.

मावशी : आहे हो. आता पिशवीतलं काही लपायचं नाही आमच्या घरात.

बिट्टी : आणि ह्या कागदावर लिहिलंय, भा-ड्या-ने दे-णे आ-हे. भाड्याने म्हणजे काय?

मावशी : म्हणजे राहायचं आणि दर महिन्याला धाकधूक करायची. भाऊजी, हिला आवरा. येताना रस्त्यात प्रत्येक पाटीपाशी थांबली. औषधाचं दुकान वाचलं, केस कापायचं वाचलं, 'येथे थुंकू नये' तर असं ठणकावून वाचलं, की एक म्हातारबाबा बिचारे गिळून बसले.

बाबा : बाई काय म्हणाल्या आज?

बिट्टी : मला उभं केलं. पूर्ण धडा वाचायला लावला. कुणी हसलं नाही. मग बाईंनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगितल्या.

बाबा : खरंच?

मावशी : मलाही फाटकाशी थांबवून सांगितलं त्यांनी. म्हणाल्या, बापाने मेहनत घेतलेली दिसते. छोट्या गटाचं नावसुद्धा काढलं नाही.

बाबा : मी कसली मेहनत घेतोय? क ला काना का, एवढंच.

मावशी : तेवढंच तर अवघड असतं. ताई असती ना, तर आज गल्लीभर सांगत सुटली असती. निघते मी. हिला आज लवकर झोपवा, डोळे बघा कसे झालेत वाचून वाचून.

बाबा : थांब ना जरा. चहा टाकतो.

मावशी : नको. घरी सगळं पडलंय. बिट्टे, उद्या येते गं.

बिट्टी : मावशी, तुझ्या छत्रीवरपण लिहिलंय काहीतरी!

मावशी : उद्या वाच. छत्री काही पळून जात नाही.

बाबा : गेली बघ. बिट्टी, इकडे ये. आज गृहपाठ नाही ना?

बिट्टी : नाही. बाई म्हणाल्या, आज सुट्टी.

बाबा : मग आज माझ्यासाठी एक वाच.

बिट्टी : हे? कासवाचं? बाबा, हे किती सोपं आहे. हे तर लहान मुलांचं. कासव उठलं. कासव नदीवर गेलं. कासव...

बाबा : असं नाही. आईचं वाच.

बिट्टी : आईचं?

बाबा : हो. ती वाचायची तसं. मी एकदाही ऐकलं नाही. मावशी तेव्हा म्हणाली होती, ऐका. मीच म्हटलं, नंतर. तर आज ऐकतो. मी इथे पलंगावर बसतो. तू आई हो.

बिट्टी : आई अशी बसायची. पाय वर घेऊन. आणि उशी इथे.

बाबा : घे उशी.

बिट्टी : आणि आवाज असा हळू करायची.

बाबा : कर. माझं लक्ष आहे.

बिट्टी : बाबा उठला.

बाबा : हं.

बिट्टी : बाबा... न-दी... नाही. थांब. पुन्हा करते. बाबा उठला. कासव नदीवर... नाही!

बाबा : सावकाश. घाई नाही.

बिट्टी : बाबा कामावर गेला. आता तिसरं. तिसरं... कासव खूप चाललं. बाबा, आई इथे काय म्हणायची?

बाबा : मला कुठे ठाऊक, बाळ?

बिट्टी : मला येत होतं! मला सगळं येत होतं. बोट ठेवलं की आपोआप यायचं.

बाबा : डोळे मिटून बघ.

बिट्टी : डोळे मिटून कसं वाचणार? तू पान धर. मी पुन्हा बोट ठेवते. हे बघ... कासव. पुन्हा कासव. बाबा, आता ते कासवच दिसतंय.

बाबा : दिसणारच गं. तुला वाचता यायला लागलं.