शंकेची पाल आणि आपला पाल्य

…आणि परत त्या बाईचा आवाज इतका गोड, तुम्हाला सांगते, की तिच्या तोंडात साखर घालावी! बाई कसली, यंत्र आहे ते, शाळेचं. लेकीला शाळेत धाडून, आंघोळ उरकून मी देवापुढे दिवा लावला की फोन वाजलाच म्हणून समजा. "नमस्कार. आपला पाल्य आज दुसऱ्या तासाला गैरहजर आहे. ही गैरहजेरी आपल्या संमतीने आहे का? 'हो' म्हणा, किंवा…" पुढचा शब्द तुम्हाला ठाऊक आहे. होच्या उलटा. मला तो वर्ज्य आहे.

हसा, हसा. हेही हसले होते. पण लेक सातवीत, गणितात कच्ची, अपूर्णांक समोर आले की पोरीचे डोळे भरून यायचे. आईनं काय करावं? नवस बोलले. कुणी मीठ सोडतं, कुणी पायातलं सोडतं, मी शब्द सोडला. तो आणि त्याची सगळी भावंडं. लेक गणितात पास होईपर्यंत माझ्या तोंडून फक्त होकार. म्हटलं, घरात होकार घुमला की देवालाही तीच सवय लागेल. आता दारावरचा विक्रेता विचारतो, "ताई, पायपुसणं देऊ?" हो. प्रत्येक उंबऱ्यावर दोन-दोन झाली. शेजारीण विचारते, "वहिनी, तेवढे पडदे शिवून देता?" हो. अख्ख्या इमारतीच्या खिडक्या माझ्या मशीनखालून गेल्यात!

त्यात आमच्या सासूबाई. कानानं अधू. फोनचा आवाज मोठा करून ठेवावा लागतो, तर त्यांना 'पाल्य'मधली पालच ऐकू येते. स्वयंपाकघरात घड्याळामागे एक आहेच खरी, गलेलठ्ठ, आणि सासूबाई तिला घाबरतात. "आपला पाल्य गैरहजर आहे" ऐकलं की आतून हाक, "गेली का गं पाल?" मी काय म्हणणार? हो. त्या निवांत. पाल जागच्या जागी. आणि माझ्या मनात ती दुसरी पाल, शंकेची, चुकचुकायला लागलेली… आपला पाल्य गैरहजर आहे.

कारण मी तिला फाटकातून आत जाताना पाहिलंय हो! स्वतःच्या डोळ्यांनी! पाठीवर दप्तर, दप्तराला लोंबणारी बाटली. एके दिवशी झेरॉक्सच्या दुकानाच्या आडोशाला उभी राहिले. घंटा झाली. पहारेकऱ्यानं फाटक ओढलं, साखळी घातली, कुलूप लावलं. पटांगण रिकामं. दुसऱ्या तासाची घंटा झाली आणि माझ्या पिशवीत फोन वाजला… आपला पाल्य गैरहजर आहे. फाटकाबाहेर सगळा शुकशुकाट. म्हणजे पोर आतच हरवत होती! शाळेच्या आत कुठेतरी, रोज, दुसऱ्या तासाला… यंत्रानं विचारलं, संमती आहे का? हो, म्हटलं मी. तोंडात दुसरं होतंच काय?

रात्री हे म्हणाले, "विचार तिला, चांगलं दरडावून." दरडावायला कुठे जमतंय मला? तिच्या वेणीतून कंगवा फिरवत विचारलं, "बाळा, दुसऱ्या तासाला कुठे असतेस गं?" तिनं मान खाली घातली. एवढंच म्हणाली, "तुला माहितीये की, आई."

मला माहितीये? मला?

दुसऱ्या दिवशी गेले शाळेत. शिपाईमामा पुढे, मी मागे. लांबच लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना बंद दारं, आतून पोरांचे एकसुरी आवाज. जिना ओलांडला, प्रयोगशाळा ओलांडली, पोरांचे आवाजही मागे पडले. टोकाला एक दार, किलकिलं. मामांनी बोटानं दाखवलं आणि सटकले. मनातल्या मनात देवाचं नाव घेत मी ढकललं ते…

आत माझी लेक फळ्यापुढे. हातात खडू. अपूर्णांकांची बेरीज करत होती, आणि चक्क हसत होती! बाकावर चार-पाच पोरं, एक म्हातारेसे सर. दारात मला बघून म्हणाली, "आई, तूच तर हो म्हणालीस ना या वर्गाला?"

म्हणाले होते! वर्षाच्या सुरुवातीला त्याच गोड बाईनं विचारलं होतं, "आपल्या पाल्यास गणितात जादा साहाय्य हवे आहे का?" हो, म्हटलं होतं आणि दिवा लावायला वळले होते. आता ऐका. साहाय्याचा वर्ग दुसऱ्या तासाला. गणिताचा तासही दुसराच! गणितासाठी पोर या खोलीत, म्हणून गणिताला ती गैरहजर. यंत्र मला विचारतं, संमती आहे का? मी रोज म्हणते, हो!

वर्गशिक्षिका कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, हजेरी पार तळाला गेलीय. उद्या यादी बंद होते, मग तिला परीक्षेचं दार बंद, आणि पुढचं वर्षही सातवीतच. उद्याच्या फोनला तेवढा तो शब्द म्हणा, मागची सगळी नोंद तपासणीला जाते."

"तुम्हीच दुरुस्त करा की, बाई."

"आमचं यंत्र ऐकतं कुठे? त्याला आईचा आवाज लागतो."

घरी हे म्हणाले, "मी बायकी आवाज काढतो." काढूनही दाखवला. सासूबाईंनी आतून विचारलं, कोण रडतंय?

आता मला सांगा, पास व्हायला परीक्षा हवी, परीक्षेला तो शब्द हवा, आणि तो शब्द ती पास झाल्यावरच तोंडात येणार! रात्रभर देवाशी बोलले. म्हटलं, लेकीसाठी नवस बोलले, लेकीसाठीच मोडते, पदरात घे. पहाटे मन हलकं झालं. लेक जाताना म्हणाली, "आई, आज म्हणशील ना?" हो, म्हटलं.

फोन वाजला. "नमस्कार. आपला पाल्य आज गैरहजर आहे. ही गैरहजेरी आपल्या संमतीने आहे का?" मी डोळे मिटले. देवाला हात जोडले. जीभ दातांना टेकवली, पहिलं अक्षर अगदी ओठांवर… आणि आतून हाक आली,

"गेली का गं पाल?"

"हो!"

"धन्यवाद. आपला होकार नोंदवला आहे."

घड्याळामागून पाल चुकचुकली. नवस तेवढा शाबूत राहिला… हो.