पायडल न थांबणाऱ्या सायकलीबाबत

नाव: बुद्धभूषण ग्यानोबा खिल्लारे, वय ४६ वर्षे, शिक्षण बी.ए., धंदा: नोकरी (शाळेत कनिष्ठ लिपिक), रा. नरसी नामदेव, ता. जि. हिंगोली.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन, हवालदार साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी पल्लवी हिच्यासह राहतो. ठाण्याच्या आवारात लिंबाखाली उभी असलेली काळी सायकल माझ्या मालकीची आहे. तिच्यावरून पडून माझे सहकारी शिक्षक श्री. अनिरुद्ध पाठक यांचा डावा हात मनगटात मोडला. त्यांच्या पत्नी सौ. रेवती यांनी, सायकल मिस्त्री रूपसिंग आडे यांनी निष्काळजीपणे ती सायकल बिघडवली, अशी तक्रार दिली आहे. त्याबाबत मला माहीत आहे ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मला लकवा झाला. उपचारानंतर बोलणे व हात सुधारले. उजवा पाय उचलत नव्हता. मी काठी घेऊन चालत असे. शाळा गावाबाहेर आहे. पल्लवी मला ऑटोपर्यंत आणून बसवत असे व संध्याकाळी उतरवून घेत असे.

डॉक्टरांनी पायाला हालचाल द्या म्हटल्यामुळे मी घरासमोर जुनी सायकल चालवून पाहत असे. पल्लवी मागून कॅरिअर धरत असे. उजवा पाय खाली गेला की तिथेच राही. तो हाताने उचलून वर आणावा लागे. सायकल बरेच दिवस उघड्यावर राहिल्याने एके दिवशी मागच्या चाकातील फ्री व्हील गंजून जाम झाले. फ्री व्हील म्हणजे ज्यामुळे पाय थांबवले तरी चाक पुढे पळत राहते तो भाग. तो जाम झाल्यावर चाक फिरेल तोवर पायडलही फिरतच राहते. त्या दिवशी माझा उजवा पाय खाली गेला आणि आपोआप वर आला. मी मागे वळून पाहिले. पल्लवी म्हणाली, "मी न्हाई ढकललं."

दुसऱ्या दिवशी मी सायकल रूपसिंग यांच्या दुकानावर नेली व हे असेच जाम राहील असे करून द्या म्हणालो. ते म्हणाले, "खिल्लारे बाबू, लोकं बिघाड काढायला येतात. तुमी बिघाड पक्का करून मागून राहिले." मी कारण सांगितले. त्यांनी नकार दिला. "उतारावर सवयीनं पाय थांबला तर ही सायकल माणूस फेकून देईल," असे ते स्पष्ट म्हणाले. मी पुन्हा गेलो, पुन्हा नकार मिळाला. तिसऱ्या वेळी माझ्यासोबत पल्लवी होती. ती दुकानासमोरच्या दगडावर बसून राहिली. रूपसिंग म्हणाले, "वहिनी, उठा. करून देतो. पण दोन्ही ब्रेक बराबर असल्याबिगर सायकल दुकानातून हालणार न्हाई."

त्यांनी दुसरे फ्री व्हील आणून आतून वेल्डिंग मारले. पहिल्यांदा ते वाकडे बसले व चेन उतरली. ते स्वतःलाच शिव्या देत होते. दुसरे केले ते नीट बसले. चेन जराही ढिली राहू नये म्हणून एक कडी काढली. पुढचा व मागचा, दोन्ही ब्रेक नवे टाकले. पाय सरकू नये म्हणून उजव्या पायडलला माझ्या जुन्या दप्तराचा पट्टा लावला. पँट चेनमध्ये जाऊ नये म्हणून पत्र्याचे कव्हर बसवले. मडगार्ड, घंटी व डब्यासाठी कॅरिअर लावले. मैदानात ते माझ्यासोबत पळत होते व ओरडत होते, "पाय थांबवू नका, तो थांबायचा न्हाई, तुमीबी थांबू नका." मागील सव्वा वर्षापासून मी त्या सायकलने शाळेत जातो, दळण आणतो, गॅसची टाकीही एकदा आणली आहे. पल्लवी आता सकाळी दारापर्यंत येते. त्यापुढे येत नाही.

घटनेबाबत सांगतो की, आमच्या शाळेत सर्वांच्या गाड्यांच्या किल्ल्या कार्यालयात घड्याळाखालच्या खिळ्यावर टांगण्याची पद्धत आहे. ज्याला काम असेल तो कोणाचीही गाडी नेतो. माझी किल्लीही मी तिथेच टांगत असे. माझ्या सांगण्यावरून रूपसिंग यांनी बनवलेली सायकल कोणी नेऊ नये असे मी सर्वांना सुरुवातीस सांगितले होते. पाठक सर त्या वेळी रजेवर होते. त्यांना कोणी सांगितले असेल असे मी गृहीत धरले.

दिनांक ९ ऑगस्ट रोजी दुपारच्या सुट्टीत मला शाळेचे टपाल पोस्टात टाकायचे होते. पायात गोळा आला होता. पाठक सर म्हणाले, "बसा हो तुम्ही, मी टाकून येतो," आणि किल्ली घेऊन गेले. "उतारावर पाय थांबवू नका" असे मी त्यांना म्हणालो असे मला वाटते. पण ते मोठ्याने म्हणालो की मनात, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. म्हणून म्हणालो नाही असेच धरावे. ओढ्याच्या पुलाकडील उतारावर त्यांनी नेहमीच्या सवयीने पाय थांबवले व ते पडले.

मी दवाखान्यात भेटीस गेलो. पाठक सर म्हणाले, "खिल्लारे, सायकल नाही, घोडा आहे तुमचा. मालकाशिवाय कोणाला बसू देत नाही." सौ. रेवती म्हणाल्या, "हसू नका तुम्ही. शाळेतलं एखादं लेकरू बसलं असतं तर?" त्यांची तक्रार खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. तिच्यातील नाव चुकले आहे. सायकल तशी करून घेणारा मी, किल्ली टांगणारा मी, आणि जे काम करताना ते पडले ते कामही माझे. पाठक सरांचा मी ऋणी आहे. रूपसिंग यांचा किती ऋणी आहे ते जबाबात लिहिता येत नाही. त्यांचे दुकान त्या दिवसापासून बंद आहे. ते आत्ता बाहेर बाकावर बसले आहेत. मी आत येताना ते मला एवढेच म्हणाले, "साहेबांना म्हणावं चेनला तेल द्या, गंजून राहिली."

कोणाचे नाव लिहिणे भागच असेल तर माझे लिहावे. सायकल परत मिळावी ही विनंती. किल्ली यापुढे माझ्या खिशात राहील, आजही आहे. दांड्यावर मोठ्या अक्षरात पाटी लावीन.

वरील मजकूर हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एका ठिकाणी "रूपसिंग याने बिघडवलेली सायकल" असे आले होते. तिथे "माझ्या सांगण्यावरून रूपसिंग यांनी बनवलेली सायकल" असे करावे, असे मी म्हणालो. त्यांनी तसे केले. खाडाखोडीशेजारी माझी सही आहे. बाकी मी सांगितले तसेच लिहिले असून ते खरे आहे.

बु. ग्या. खिल्लारे