फुगलेली फळी

(बोईसर, १९९३. दवाखान्यातली दुपार. नामदेवच्या डोळ्यांवर पट्टी. उशाशी त्याची बायको हंसा. कारखान्यातले इंजिनीअर दिनानाथ नुकतेच आलेत.)

हंसा : हळू बोला साहेब, आताशी जरा पडलेत.

नामदेव : जागा हाय मी. साहेब, भुसा-प्लास्टिकची आपली हलकी फळी फुगली का?

दिनानाथ : फुगली. तुला इथं आणल्यावर तिसऱ्या दिवशी. हातात घेतली तर वजनच वाटत नाही.

नामदेव : आमच्या घिवली गावात समद्यांना सांगितलेलं मी. आपल्या होडीला हीच फळी ठोकनार.

हंसा : मग त्या दिवशी मशीनच्या तोंडातनं ते तापलेलं यांच्या डोळ्यांवर का उडालं?

दिनानाथ : लाकडाचा भुसा दमट होता, वहिनी. प्लास्टिकबरोबर तापला की त्याची वाफ होते, मशीनच्या तोंडाशी कोंडते. भुसा वाळवायची भट्टी बंद पडली होती.

हंसा : तरी मशीन चालवलं?

दिनानाथ : मालकांना गिऱ्हाइकाला नमुना दाखवायचा होता. मी नाही म्हणालो नाही.

हंसा : मालक इथं येऊन सांगून गेला, यांनी आपल्याच डोक्यानं मशीनच्या तोंडाचा बोल्ट सैल केला. पिऊन आलेले म्हने!

नामदेव : मी थेंबाला शिवत नाय, त्याला ठावं हाय.

दिनानाथ : तोंड तुंबलं तेव्हा ‘बोल्ट सैल कर’ म्हणून मीच ओरडलो. कारखाना तपासायला सरकारी साहेब आलेत, त्यांना आज तसंच सांगितलं.

हंसा : मालकासमोर?

दिनानाथ : समोरच. लगेच मला गेटाबाहेर काढलं.

नामदेव : अरारा! किती राबलात तुमी त्या फळीपायी. आता मशीनवर कोन?

दिनानाथ : तुझ्या हाताखालचा सुका. आज दुसऱ्या पाळीला. मालकांना फळी अजून हलकी हवीय.

नामदेव : भट्टी?

दिनानाथ : पुन्हा बंद पडलीय.

नामदेव : मग त्याला सांगा ना, तोंडासमोर उभा राहू नको!

दिनानाथ : मला पाहिलं की वॉचमन हाकलतो.

नामदेव : हंसा, तू जा. गेटावर गाठ त्याला.

हंसा : तुमाला टाकून?

नामदेव : साहेब बसतील. साहेब, माझ्या डोळ्यांचं डॉक्टर काय बोलले? ही सांगत नाय.

दिनानाथ : नामदेव...

हंसा : साहेब, नको! आज नको.

नामदेव : ...कळलं. जा तू हंसा, पाळी लागंल आता.