बजाबाईचा इंग्रजी सिनेमा

सोलापुरात थेटराबाहेर बायकांच्या रांगेत हुसेनबी उभी होती. तिच्या पुढं म्हातारी बजाबाई. तिला शोधत तिचा मुलगा आप्पा आला.

“आये, इंग्रजी सिनेमातलं तुला काय कळतंय?”

“एक शबुद कळत न्हाय. पर त्यातली म्हातारी एकटी मोटार हाकती. दोनदा बघितलं, आज तिसऱ्यांदा.”

“गोऱ्यांची थेरं ती! आपली रीत बुडती.”

“आन तुजी बेलबाटम? तुजा आजा घालत व्हता व्हय?”

“मी बाप्या हाय.”

“मग रीत म्या एकलीनं सांबाळायची?”

“लोक काय म्हणतील?”

“इचार की. हितंच उभी हायती.”

आप्पानं हुसेनबीकडं पाहिलं.

“मावशी, माझ्यासाठी शेजारची खुर्ची धरा,” ती म्हणाली.

“धरते बाई. आप्पा, यायचं तर ये, न्हाईतर घरी जाऊन भाकरी थाप.”