खिडकीतला रुमाल

रडक्या पोरांचं मला काय सांगता! आमच्या वालूरच्या अंगणवाडीत ओवी होती. महिनाभर रोज दारातच आजीचा पदर धरून भोकाड पसरायची.

तेव्हा मी वर्ग सजवायला घेतला होता. भिंतीवर रेल्वे, ट्रॅक्टर, विमान चिकटवलं आणि फ्रिजच्या खोक्याची लालभडक एसटी केली. खिडक्यांना निळा कागद लावला, अगदी काचेसारखा. मी लय खूश!

तेवढ्यात शेजारचे काशीनाथमामा आले. त्यांचं आयुष्य एसटीत कंडक्टरकीत गेलेलं. गाडीभोवती फिरून म्हणाले, "बाई, खिडक्या बंदच केल्या की तुमी. मग रुमाल कुठून टाकायचा?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी ब्लेड घेऊन सगळा निळा कागद कापून काढला. माझा अख्खा रविवार त्यात गेला होता. रागाच्या भरात मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

सोमवारी पोरं आली आणि एकेकानं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. ओवी दारातूनच बघत होती. मग हातातला पदर सुटला. धावत जाऊन तिनंही आपला रुमाल टाकला आणि आजीला म्हणाली, "तू जा. मला जागा भेटली."

सुट्टी झाल्यावर तिचा रुमाल परत फ्रॉकला टाचावा म्हणून मी खिडकीतून काढायला गेले, तर केवढी ओरडली! "बाई, नका काढू! उद्या माज्या जागंवर दुसरं कोणी बसंल की!"

मी कुलूप लावलं आणि तशीच मामांच्या दारात गेले. म्हटलं, "मामा, चला. तुमचा चहा राहिलाय."