तारेबाहेरचा बाप

ऑस्ट्रेलियातल्या बेनाला गावच्या टेनिस क्लबात सॉसेजच्या रांगेत ग्लेनिसपुढे बाहेरगावच्या दोघी बोलत होत्या.

“कुंपणाच्या तारेबाहेर उभाय तो रसेल ना?”

“तोच. पैसे घेऊन मॅच हरला. टेनिसच्या मैदानात पाय ठेवायलाही जन्माची बंदी! लेकीची फायनलसुद्धा बाहेरूनच बघतोय.”

“मग लेक तरी कशी निघणार? त्यात इथे पंच नाही. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, पोरांनीच सांगायचं.”

“अगं बघ, शेवटचा पॉइंट! तिने ‘बाहेर’ म्हटलं की वाचली.”

“आत!” कोर्टावरून पोरीचा खणखणीत आवाज आला.

“अय्या, हरली की गं! रेषेला पुसटसा शिवला होता, कुणाला कळलंही नसतं.”

“हल्ली असं शिकवतं तरी कोण?”

“माझा रसेल,” त्याची आई ग्लेनिस म्हणाली. “दोन द्या हो, कांदा जास्त. एक तारेपलीकडे न्यायचंय.”